आमचा पाच जणांचा जॅझ बँड (गोवा): कसा चालतो, कुठे वाजतो

अंत्रुजकर

नाट्यसंगीताच्या धाग्यावर मी जॅझ बँडमध्ये ड्रम्स वाजवतो असं लिहिलं होतं. त्यावर तिघाचौघांनी वेगळा धागा काढायला सांगितलं, म्हणून हा. बँडचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण बाकी चौघांना तसं विचारलेलं नाही.

टेनर सॅक्सोफोन, ट्रंपेट, कीबोर्ड, बेस गिटार आणि ड्रम्स असे आम्ही पाच. ट्रंपेटवाले अंकल सत्तरी ओलांडलेले, बार्देसचे. उमेदीची वर्षं जहाजांवर आणि आखातातल्या हॉटेलांत वाजवून गावी परतलेले. कीबोर्डवाली दिवसा शाळेत शिकवते, बेसवाला बँकेत आहे. ज्याचं पोट फक्त वाजवण्यावर चालतं असा एकटा सॅक्सवाला. मी फोंड्याचा, नोकरी पणजीत. देवळातल्या भजनाला आणि गावच्या नाटकांना साथ करत माझा तबल्याचा हात बसला. पुढे पणजीत राहायला आलो तर शेजारी हे अंकल. संध्याकाळी त्यांचा रियाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा. एकदा त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, तू ठेका धरतोस ना, मग बस.

तबलजी माणसाला जॅझमध्ये पहिला प्रश्न पडतो तो समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा. आपल्याकडे ठेकाच सांगतो आपण कुठे आहोत. धिं आणि तिं यांतल्या फरकावरून डोळे मिटूनही 'खाली' (टाळी न देण्याची मात्रा) ओळखता येते. इथे ड्रम्सवाला तसं काही सांगत नाही. बऱ्याच जुन्या रचना ३२ बारांच्या असतात, एका बारात चार मात्रा, म्हणजे एक फेरा १२८ मात्रांचा. त्यातले पहिले आठ बार एका चालीचे, पुढचे आठ पुन्हा तेच, मग आठ वेगळे, आणि शेवटी परत पहिले आठ. फेऱ्यात आपण कुठे आहोत ते कळतं बदलत्या कॉर्ड्सवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांवरून). म्हणजे ड्रम्सवाल्यालाही स्वरांकडे कान ठेवावा लागतो. मला हे अंगवळणी पडायला फार वेळ लागला, आणि मला जॅझ आवडू लागला तो याच जागी. तालाची जबाबदारी एकट्यावर नसते. बेसवाला प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकत चालत असतो, माझा उजवा हात राइड झांजेवर, डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट (झांजांची जोडी) मिटतो. मात्रेचे तीन भाग कल्पायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. सांगायला एवढंच. पण हे दोघांनी एका श्वासात केलं तरच स्विंग लागतो.

आता काम कुठे मिळतं ते. आमची निम्म्याहून जास्त कमाई लग्नांची, बहुतेक ख्रिस्ती लग्नांची. अलीकडे हिंदू लग्नांच्या स्वागत समारंभांनाही बोलावतात. लग्नात जॅझ कुठून आला असं वाटेल. पाहुणे जमेपर्यंतचा पाऊण तास आमचा असतो. तेव्हा कोणी नाचत नाही, फर्माईश नाही, यजमान दारात उभे. त्या वेळात आम्ही मनातलं वाजवतो. मग नवरा-नवरी येतात, मार्च, टोस्ट, केक, पहिला वॉल्ट्झ. त्यानंतर जाइव्ह, फॉक्सट्रॉट आणि शेवटाकडे कोंकणी गाण्यांचा मसाला. साठी उलटलेली जोडपी जाइव्हला उठतात तेव्हा मी त्यांच्या पायांकडे बघून लय ठरवतो. त्यांच्या पायांत स्विंग इतका मुरलेला असतो की आम्ही जरा ओढून वाजवलं तर पाऊल अडखळतं आणि चूक कोणाची ते लगेच कळतं. असा परीक्षक कुठल्या हॉटेलात मिळत नाही. लग्नात वाजवणं हे हलकं काम समजणारे वादक मला भेटले आहेत. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या कीबोर्डवालीने आयत्या वेळी सूर बदलणं, गाणाऱ्याच्या पट्टीला जाणं, एखादी चाल दुप्पट लांबवणं, हे सगळं लग्नांतच कमावलं.

दुसरं काम रेस्टॉरंटांचं. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हंगाम. जून ते सप्टेंबर जवळजवळ काहीच नाही. किनाऱ्यावरचे शॅकच उतरवलेले असतात. तिसरं, निव्वळ ऐकायला बसलेल्या माणसांसमोर वाजवणं. ते वर्षातून मोजक्या वेळा. त्यासाठी आम्ही बाकी सगळं करतो असं म्हटलं तरी चालेल.

धागा काढण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत पाच जणांच्या जागी दोघं, दोघांच्या जागी एक आणि सोबत लॅपटॉपवर ट्रॅक, असं चाललं आहे. त्याला वन-मॅन बँड म्हणतात. ड्रम्स ट्रॅकमध्ये, बेस ट्रॅकमध्ये, कधी कधी सॅक्ससुद्धा ट्रॅकमध्ये आणि समोर माणूस गाणारा. त्या माणसाशी माझं भांडण नाही, तोही पोटासाठीच करतो. पण ट्रॅकला आपण काय वाजवलं ते ऐकू येत नाही. सॅक्सवाल्याला एखादी जागा सापडली, त्याला आणखी एक फेरा घ्यायचा आहे, तर आम्ही चौघं त्याच्या मानेच्या हालचालीवरून ओळखतो आणि त्याच्याबरोबर पुढचा फेरा धरतो. ट्रॅक संपला की संपला. जॅझमधून एकमेकांचं ऐकणं काढलं तर उरलेल्याला जॅझ म्हणायला मी तयार नाही.

मधुरा_कोथरूड

काय छान लिहिलंय! मी गोव्यात दर वर्षी येते आणि जेवताना मागे बँड चालू असतो, पण त्यात काय ऐकायचं हे कोणी कधी सांगितलंच नाही. दोन प्रश्न आहेत. मूळ गाणंच माहीत नसेल तर ते वादक काय करताहेत हे कसं कळणार? आणि टाळ्या मध्येच वाजवतात त्या कशासाठी?

अंत्रुजकर

मधुराताई, गाणं माहीत नसलं तरी चालतं. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, त्याला हेड म्हणतात. ती लक्षपूर्वक ऐका, जमलं तर मनात गुणगुणा. मग एकेक जण त्याच चालीच्या कॉर्ड्सवर आपलं नवं रचत जातो. तेव्हा मूळ चाल मनातल्या मनात चालू ठेवून बघा. वाजवणारा तिच्या किती जवळ आहे, कुठे दूर गेला, परत कसा आला, यात सगळी गंमत. बंदिशीचा मुखडा आपण मनात धरून ठेवतो आणि गवई आलापीत रमतो तेव्हा आपण जे करतो तेच.

एकाचं वादन संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या सांध्यावर टाळी देतात. शेवटाकडे बऱ्याचदा चार-चार बारांची देवाणघेवाण होते: चार बार सॅक्स, चार बार ड्रम्स, चार ट्रंपेट, पुन्हा ड्रम्स. ड्रम्सच्या चार बारांत बाकीचे थांबतात आणि मी एकटा. त्या वेळी ३२ बारांचा हिशोब माझ्या डोक्यात चालू नसेल तर परत सगळे एकत्र येताना गोंधळ होतो. सवाल-जवाब ऐकणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हा भाग हमखास आवडतो.

जुना_गिरगावकर

धाग्याबद्दल आभार. आमचं घर धोबीतलावाच्या जवळ होतं, त्यामुळे गोंयकारांची 'कूड' हा प्रकार लहानपणापासून पाहिलेला. एकेका गावाची एकेक कूड. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वादक सगळे तिथे उतरायचे. व्हायोलिनची पेटी काखेत घेऊन सकाळी स्टुडिओकडे निघालेली माणसं हे आमच्या रस्त्यावरचं रोजचं दृश्य.

तुम्ही गोव्यातल्या आजच्या बँडबद्दल लिहिलंत, त्याला मुंबईची बाजू जोडतो. हळदोण्यात १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईचे नावाजलेले ट्रंपेटवादक. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक आले, आणि गोव्याच्या पोरांना तो बाज समोरासमोर ऐकायला मिळाला. रिकॉर्ड ऐकून शिकणं आणि त्याच माणसाशेजारी बसून वाजवणं यात फरक आहेच.

मग १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. नाइटक्लबांचा धंदा बसला, आणि ही सगळी मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीआधी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत. ते मुंबईला येऊन शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे अरेंजर, म्हणजे चालीवरून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देणारे, झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनचे मोठे शिक्षक; लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचेच शिष्य. १९७७ मधल्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव शिष्याने गुरूला वाहिलेलं. अँथनीबाब २०१२ मध्ये गेले.

पुढे ऐंशीच्या दशकानंतर सिंथेसायझर आले आणि स्टुडिओतले साठ-साठ वादकांचे ताफे हळूहळू बंद झाले. तुमचा लॅपटॉपचा ट्रॅक त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा वाटतो मला.

बखर

लेख आवडला. एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नये. गोव्याने केसरबाई केरकर दिल्या, मोगूबाई कुर्डीकर दिल्या, मंगेशीहून दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी दिले. एवढं घरचं असताना अंत्रुजच्या (फोंड्याच्या) तबलजीने अमेरिकेच्या संगीतासाठी जीव का टाकावा? आणि सर्वसामान्य मराठी श्रोत्याचा याच्याशी संबंध तो काय?

अंत्रुजकर

बखर साहेब, राग कसला. घरात हाच प्रश्न वडिलांनी विचारला होता.

संबंध मराठी माणसाच्या कानात आधीपासून आहे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा ज्या गाण्यांवर नाचतात, त्यांतला ट्रंपेट आणि त्यातली सगळी उसळी चिक चॉकलेट आणि मंडळींची. तेच सी. रामचंद्र भावगीतालाही चाल लावायचे. आमच्या आजीला जॅझ हा शब्द ठाऊक नव्हता, पण 'अलबेला'तलं गाणं रेडिओवर लागलं की ती हातातलं काम थांबवायची. भगवानदादांची ती संथ पावलं गणपतीच्या मिरवणुकीत आजही दिसतात. त्या पावलांखाली जी लय आहे, तीच मी लग्नांत वाजवतो.

केसरबाईंच्या गोव्याबद्दल माझ्या मनात जेवढा आदर आहे तेवढाच अँथनीबाबांच्या गोव्याबद्दल. दोन्ही गोवे शेजारी शेजारी वाढले आणि एकमेकांच्या घरात फार कमी गेले, हे दुःख आहे. फोंड्यातली माझी माणसं अभिषेकीबुवांच्या स्मृती महोत्सवाला पणजीत कला अकादमीत येतात. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्याच इमारतीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षणही चालतं, पण त्या बाजूच्या मैफलीला आमच्यातलं फारसं कोणी फिरकत नाही. मला तिथे माझी माणसं बसलेली हवी आहेत.

उलटी वाटही आहे. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर राग वाजवायचे, १९७० मध्ये त्यांनी रागांवर आधारलेली तबकडी काढली. गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला जाऊन तिथल्या जॅझवाल्यांबरोबर आपल्या ढंगाचं वाजवत राहिले. आमच्या बँडमध्ये एका रचनेत मी ड्रम्स सोडून घुमट (मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य) घेतो. आता घोरपडीचं कातडं लावत नाहीत, कायद्याने बंदी आहे, बकऱ्याचं असतं. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. ख्रिस्तींच्या मांडो गाण्यांनाही घुमट, हिंदूंच्या आरतीलाही घुमट. ट्रंपेट आणि घुमट एकत्र आले की ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही टेबलांवरची माणसं एकदम मान वर करतात, हे मी डोळ्यांनी पाहतो.

सासष्टीची_सून

माहेर कोल्हापूर, सासर मडगाव. आमच्या वाड्यात प्रत्येक दुसऱ्या घरात एक तरी वादक. सासरे सांगतात की त्यांच्या वेळेस चर्चच्या शाळेत मेस्त (संगीत शिकवणारे मास्तर) असायचे. पोराला आधी स्वरलिपी वाचायला शिकवायचे: दो, रे, मी, फा. कागदावरचं बघून अचूक गाता आलं की मगच व्हायोलिन हातात. पोर्तुगीज काळापासूनची ही पद्धत, त्यामुळे गावातल्या सामान्य घरचा मुलगासुद्धा स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचायचा. पुढे तो कराचीला जावो, रंगूनला जावो की कलकत्त्याला, कागद समोर ठेवला की काम सुरू.

आणि तियात्र (कोंकणी संगीत नाटक) विसरू नका! पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झालं. अजूनही मोठ्या तियात्रात रंगमंचासमोर ट्रंपेट, सॅक्स, बेस, ड्रम्स असा जिवंत ताफा असतो. दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारां (गाणी) होतात आणि त्याच वेळी वादकांचा कस लागतो. आमच्या बोर्ड्याचे क्रिस पेरी ट्रंपेटही वाजवायचे, सॅक्सही, गाणीही तेच रचायचे. आणि सालिगावच्या गायिका लोर्ना! सासूबाईंना स्वयंपाक करताना लोर्नाचंच गाणं लागतं. कोंकणी गाण्यात जॅझचं ब्रास (ट्रंपेट-सॅक्ससारखी फुंकून वाजवायची वाद्यं) आलं ते या दोघांमुळे. त्यांच्या गाण्यांवर बेतलेल्या कोंकणी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या वाड्यात फटाके वाजले.

कुडचड्याचे फ्रँक फेर्नांद यांचंही नाव इथे यायला हवं. ट्रंपेटवादक, हिंदी सिनेमातले अरेंजर, आणि १९६३ व १९६६ मध्ये कोंकणी चित्रपट काढणारा माणूस.

अंत्रुजकर

बाय, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. जॅझ गोव्यात टिकला याचं श्रेय लोक हॉटेलांना आणि पर्यटकांना देतात. माझ्या मते ते त्या मेस्तांचं आहे. आमचे ट्रंपेटवाले अंकल त्याच शाळेतले. एखाद्या लग्नात नवरीच्या आत्याने गावाकडचं गाणं मागितलं आणि आम्हा कोणालाच ते ठाऊक नसलं, तर अंकल तिला दोनदा गुणगुणायला लावतात आणि कागदी नॅपकिनवर पाचही जणांचे भाग लिहून देतात. वीस मिनिटांनी ते गाणं सॅक्स-ट्रंपेटच्या दोन आवाजांत वाजतं. ही विद्या आता किती जणांकडे आहे? नवीन मुलं कानाने फार तयार आहेत, माझ्यापेक्षा किती तरी पटीने. मोबाइलवर हवं ते ऐकून उचलतात. पण दुसऱ्यासाठी लिहून देणारा मिळत नाही. आणि लिहिणारा नसला की पाच वाद्यं एकत्र येऊनही पाच वेगळ्या माणसांसारखी वाजतात.

म्हणून दर सोमवारी आम्ही रायबंदरला सॅक्सवाल्याच्या जुन्या घरात जमतो आणि अंकलांकडून लिहायला शिकतो. सॅक्स बी फ्लॅटमधला, म्हणजे लिहिलेल्या स्वरापेक्षा खाली वाजणारा, त्यामुळे त्याच्यासाठी सगळं एक पूर्ण स्वर वर लिहायचं, ट्रंपेटचंही तेच. कीबोर्ड जिथल्या तिथे. मला ड्रम्सचा कागद नको असतो, पण अंकलांचा आग्रह की तूही सगळ्यांचे भाग वाच. आता मला कुठे ब्रास येणार ते आधी दिसतं आणि मी त्याच्या अर्धी मात्रा आधी जागा करून देतो.

मांडवीकाठ

माझं छोटं रेस्टॉरंट आहे, पणजीच्या बाहेर. दुसरी बाजू मांडतो. पाच जणांचं मानधन, त्यांचं जेवण, साउंडवाला, पब्लिकमध्ये संगीत वाजवण्याचा परवाना, हे सगळं चाळीस खुर्च्यांच्या जागेत बसत नाही. शिवाय उघड्यावर असल्यामुळे रात्री दहाला बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, आणि माझी गर्दी येते साडेआठला. म्हणजे हातात दीड तास. तेवढ्यासाठी पाच माणसं? त्यात गिऱ्हाईक येऊन हिंदी गाणं मागतं, बँडने नाही म्हटलं की माझ्याकडे तक्रार. ट्रॅकवाला एकटा येतो, कमी जागा घेतो, सगळं गातो. मला जॅझ आवडतो, घरी मी तोच ऐकतो. पण महिनाअखेरीला पगार वाटायचे असतात.

अंत्रुजकर

मांडवीकाठ, तुमच्यासारखा मालक इथे लिहितो आहे याचा मला फार आनंद झाला. तुमचं म्हणणं सगळं खरं आहे. तरी थोडं सांगतो, कारण यातून वाट निघते असा माझा अनुभव आहे.

चाळीस खुर्च्यांना पाच जण नकोतच. तिघं पुरे: कीबोर्ड, बेस, आणि सॅक्स किंवा ट्रंपेट. ड्रम्ससुद्धा काढा, हे मी ड्रम्सवाला असून सांगतो. बेसवाला पक्का असेल तर लय तोच सांभाळतो. मी बसलोच तर काठ्यांऐवजी ब्रश घेतो, मग माइक लागत नाही आणि शेजारच्या टेबलावर बोलणंही ऐकू येतं. आवाज कमी झाला की साउंडवाल्याचा खर्च जातो. एवढ्या लहान जागेत सॅक्सला माइकची गरज नाही, खरं तर लावूच नये.

हिंदी गाण्याचं म्हणाल तर नाही म्हणणारा बँड चुकतो असं माझं स्पष्ट मत. सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर, राहुलदेव बर्मन यांच्या चाली आमच्याच लोकांनी अरेंज केलेल्या. त्या वाजवायला लाज कसली? मूळ चाल एकदा सरळ वाजवावी, गिऱ्हाईक खूश होतं, आणि मग त्याच कॉर्ड्सवर दोन फेरे आपले घ्यावेत. आम्ही असं करतो तेव्हा टेबलावरचं बोलणं आपोआप थांबतं, कारण ओळखीचं गाणं कुठे चाललंय याची त्यांना उत्सुकता लागते. अनोळखी रचनेने ते होत नाही.

आणि शनिवार कशाला? शनिवारी तुमच्याकडे गर्दी असतेच. मंगळवार किंवा बुधवार द्या, साडेसात ते नऊ. त्या दिवशी लग्नं कमी, आम्हीही मोकळे, मानधनही कमी घेऊ. बदल्यात दोन गोष्टी हव्यात: जेवण, आणि पहिल्या वीस मिनिटांत टीव्ही बंद. ब्राझीलचा बोसा नोव्हा फार छान बसतो अशा वेळी. तो पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे पणजीतल्या फोंतायनसमधली म्हातारी माणसं शब्दांसकट ऐकतात.

मांडवीकाठ

टीव्ही बंद, हे मान्य. बुधवारचं बघू. व्यनि (खासगी निरोप) करतो.

विठ्ठलापूर

साखळीहून. मुलगी बारा वर्षांची, हार्मोनियम चांगली वाजवते. शाळेच्या कार्यक्रमात सॅक्सोफोन पाहिला तेव्हापासून तेच हवं म्हणते. आमच्या भागात शिकवणारं कोणी नाही. फुफ्फुसांना त्रास होतो म्हणतात ते खरं का? वाद्य महाग, चुकीचं घेतलं तर वाया जाईल.

अंत्रुजकर

दादा, मुलीला जरूर शिकवा. फुफ्फुसांना त्रास वगैरे काही नाही; श्वास पोटातून घ्यायला शिकवतात, गाणारी मुलं घेतात तसाच. दम्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

बारा वर्षांच्या हाताला टेनर जड पडतो. त्याहून लहान आल्टो सॅक्स घ्या, तोही नवा नको. गोव्यात घराघरांत पेट्यांत पडून असलेली वाद्यं आहेत, आजोबा गेले आणि वाजवणारं कोणी उरलं नाही अशी. जाणकाराला बरोबर नेऊन प्रत्येक कळ दाबून बघा, कळांखालचे पॅड भोकांवर नीट बसतात का, हवा गळते का. पॅड बदलून मिळतात, पण वाकलेली नळी सरळ करणं कठीण. रीड (तोंडाशी कंप पावणारी पातळ पट्टी) सुरुवातीला दीड किंवा दोन नंबरचं, पातळ. जाड रीडने पोरं दमतात आणि सोडून देतात.

हार्मोनियम येते हा मोठा फायदा आहे, पट्ट्या डोळ्यांसमोर असतात. त्याच पट्ट्यांवर तिला तीन-तीन स्वर एकत्र दाबून कॉर्ड्स ऐकायला लावा, आतापासून. शिक्षणासाठी कला अकादमीत चौकशी करा. म्हापशाला आणि पणजीला खासगी शिकवणारेही आहेत. साखळीहून आठवड्यातून एक फेरी पुरेल, बाकी रोजचा अर्धा तास घरी. आणि तिला वाचायला शिकवा, हे पुन्हा सांगतो.

पावसाळ्याचं एक लक्षात ठेवा. आपल्या हवेत जूनपासून तबल्याची पुडी जशी सैल पडते तसे सॅक्सचे पॅड चिकटतात. वाजवून झालं की आतून कापड फिरवायचं, पॅड आणि भोक यांच्यामध्ये टिपकागद धरून कळ अलगद दाबायची, ओढायचा नाही. रीड तोंडातून काढल्यावर पुसून सपाट ठेवायचं, नाही तर बुरशी धरते. पेटी भिंतीला लागून ठेवू नये. माझ्या ड्रम्सना कातडी प्लास्टिकची, त्यांना काही होत नाही, पण किनाऱ्यावर वाजवून आलो की झांजा गोड्या पाण्याने पुसतो. खारी हवा झांजांना हिरवं करते.

मधुरा_कोथरूड

मी डिसेंबरात येतेय, आई-बाबांना घेऊन. बाबा नाट्यसंगीताचे भक्त. त्यांना एकदा तुमच्या बँडसमोर बसवायचंच ठरवलंय. कधी, कुठे?

जुना_गिरगावकर

मलाही कळवा. ३० एप्रिलला युनेस्कोचा जागतिक जॅझ दिन असतो, तेव्हा गोव्यात काही असतं का?

अंत्रुजकर

गिरगावकर काका, त्या सुमारास कार्यक्रम होतात, आणि हंगाम संपलेला असल्यामुळे वादक मोकळे असतात. एका मंचावर तीन-चार बँडचे लोक मिसळून वाजवतात. माझ्या मते गोव्यातला जॅझ ऐकायला तो सगळ्यात चांगला आठवडा, उकाडा सोसायची तयारी असेल तर.

मधुराताई, डिसेंबरात ख्रिसमसच्या आधीच्या दिवसांत या. ख्रिसमस ते नवीन वर्ष आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि त्या पार्ट्यांत ऐकण्यासारखं काही वाजतही नाही. शनिवार-रविवार लग्नं असतात, तेव्हा मधले वार पकडा. बाबांना बेसवाल्याच्या समोरची खुर्ची द्या, ट्रंपेटच्या तोंडासमोर बसवू नका. सुरुवातीचा सेट चुकवू नका, तेव्हा अंकल ताजेतवाने असतात. आणि बाबांना एखादं नाट्यपद आधी सांगून ठेवायला सांगा. स्वरलिपी मी काढून देतो, अंकल सोमवारी लिहितील.